फक्त अकरा तारखेचं

कार्बनपेपरचा एक कोपरा दोन कागदांच्या मधून बाहेर आला होता — निळा, जरासा दुमडलेला — आणि ओळ संपली की वकीलसाहेबांची करंगळी त्याच्यावरून घासून परत येई, त्यामुळे तीही निळी झाली होती, पार नखापर्यंत. सगुणाला वाटलं, सांगावं का त्यांना, साहेब, बोट बघा... पण इथे कुणी केव्हा बोलायचं ते ठरलेलं होतं. आधी त्यांनी विचारायचं, मग हिनं सांगायचं, आणि सांगितलेलं सगळं त्या दाबून लिहिणाऱ्या पेनाखालून तीन कागदांवर उतरायचं. एक कंपनीला, एक फायलीला, आणि एक प्रत तुमची, असं ते पहिल्या बैठकीलाच म्हणाले होते. तुमची. रेशनकार्ड नवऱ्याच्या, हिरामणच्या नावाचं, सातबारा सासऱ्याच्या नावाचा. आपल्या बोलण्याची प्रत आपल्याला मिळते, हे चाळीस वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं.

खोली कँटीनच्या मागची. टेबलापलीकडे वकीलसाहेब, पेणला वकिली करणारे, कंपनीनं नेमलेले चौकशी अधिकारी. त्यांच्या डाव्या हाताला पर्सोनेलचे साहेब, कंपनीची बाजू मांडायला. आणि सगुणाच्या शेजारी काळुराम, बॉयलरवरचा, तिची बाजू मांडायला; कामगाराला आपल्यातला एक माणूस सोबत आणता येतो, हेही तिला इथेच कळलं होतं. तिच्यावरचा आरोप दोन ओळींचा होता. पॅकिंग खात्यातल्या सगुणा हिरामण घरत हिनं अकरा तारखेला सकाळी गेटवर स्वतःच्या कार्डाबरोबर त्याच खात्यातल्या मैनाचंही हजेरीचं कार्ड पंच केलं. मैना तेव्हा कंपनीत नव्हती. दोन ओळी, आणि शाबीत झाल्या तर नोकरी जाईल, असं खाली लिहिलेलं.

ते खाली लिहिलेलंसुद्धा तिला उशिराच कळलं. पहिला कागद इंग्रजीत होता. काळुराम म्हणाला होता, वैनी, पहिल्या दिवशी काय इचारलं तर व्हय म्हनायचं, बाकी मी बघतो. म्हणून साहेबांनी विचारलं, "आरोपपत्र मिळालं?" ती म्हणाली, "व्हय." "वाचलंत?" "व्हय." मग त्यांनी चष्मा काढला आणि अगदी साध्या आवाजात, एखाद्यानं तुमच्याकडे भात कसं पिकलं विचारावं तसं, विचारलं, "काय लिहिलंय त्यात?"

तिनं हातातला कागद उलटसुलट केला. काळुराम छताकडे बघायला लागला. पंखा तेवढा खडखडत होता... तिला वाटलं, आता ओरडतील. वडलांच्या वेळचं तिला दिसलं. मिठागराच्या बांधावर खुर्ची टाकून बसलेला कुणीतरी साहेब, आणि वडील उकिडवे, हात चिखलानं भरलेले. अंगठा लावायला म्हणून त्यांनी तो हात आधी धोतराला पुसला, मग पुन्हा पुसला, कागदाला डाग नको म्हणून. कागदात काय आहे ते वडलांनी विचारलं नाही, साहेबांनी सांगितलं नाही, आणि दोघांनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. सगुणा तेव्हा पाटीत मीठ भरत होती. तिलाही वाटलं नव्हतं.

वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. पर्सोनेलच्या साहेबांकडे वळून म्हणाले, "यांना मराठीत प्रत द्या. ती मिळून, वाचून झाल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. आठ दिवसांनी बसू." पर्सोनेलचे साहेब म्हणाले, अहो, त्यांना तोंडी समजावलंय. "तोंडी नको," वकीलसाहेब म्हणाले, "त्यांच्या हातात असू दे." आणि उठलेच.

चार माणसांचं काम एका पॅकिंगच्या बाईला कळलं नाही म्हणून थांबलं! त्या दिवशी रोह्याहून परतताना गाडीत ती हेच मनात घोळवत होती, आणि भीती वाटायच्या जागी तिला काहीतरी भलतंच वाटत होतं... आजारी असताना कुणी उशाशी पाणी ठेवून गेलं तर वाटतं तसं. मराठी कागद दोन दिवसांनी आला. चौथीपर्यंतचं शिक्षण बाहेर काढून ती गाडीत जित्यापासून रोह्यापर्यंत एकेक अक्षर लावत गेली. ‘गैरवर्तन’ हा शब्द कासूला लागला. आणि नागोठण्याच्या अलीकडे — ‘आपणास आपले म्हणणे मांडण्याची पूर्ण संधी देण्यात येईल.’ संधी. हा शब्द तिनं परत वाचला. गावात हा शब्द कुणी बायांना उद्देशून वापरत नाही.

आज सकाळी गेटवरच्या वॉचमनची साक्ष झाली. शिवा त्याचं नाव, भला माणूस, लेकीच्या लग्नाला त्यानं साऱ्या पॅकिंगला बोलावलं होतं. त्यानं सांगितलं, एका बाईनं दोन कार्डं घातली, ती सगुणाबाई होती. काळुरामनं उभं राहून विचारलं, "तोंड बघितलंस?"

"नाय. पाठमोरी होती."

"गणवेश सगळ्यांचा एकच ना?"

"व्हय."

"मग पाठीवरनं वळखलीस?"

शिवानं सगुणाकडे बघितलं आणि खाली मान घातली. "नक्की नाय सांगता येत," तो म्हणाला, आणि ते तीन कागदांवर उतरलं. काळुरामनं बसताना गुडघ्यानं तिला हळूच डिवचलं. झालंच म्हणून समज, असा त्याचा अर्थ. आता तिनं एवढंच म्हणायचं होतं, की मी माझं कार्ड घातलं आणि आत गेले, दुसरं मला माहीत नाही. आठ दिवस ते वाक्य तिनं पाठ केलं होतं. भात निवडताना, बांधावरून स्टेशनकडे चालताना. ते गुळगुळीत झालं होतं आणि आपोआप तोंडात येत होतं.

"आता तुमचं म्हणणं सांगा, सगुणाबाई," वकीलसाहेब म्हणाले. "सावकाश. तुमच्या भाषेत सांगा, मी तसंच लिहीन."

तुमच्या भाषेत...

अकरा तारखेला दोघी नेहमीसारख्या एकाच डब्यात होत्या. सगुणा जित्याला चढायची, मैना पेणला. मैनाला जागा शोधायची गरज पडू नये म्हणून सगुणा तिच्यासाठी पदर पसरून ठेवायची. मैना त्या दिवशी बोलली नाही. तशी ती बोलकी. घरी गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगवायची कामं घ्यायची, कुठल्या कारखान्यात यंदा कुठला रंग चालतो ते सगळं सांगत असायची. त्या दिवशी नुसती खिडकीबाहेर बघत. रोह्याला उतरल्यावर म्हणाली, तू हो पुढं, मी आलेच. आणि सगुणा झाली पुढं. गेटवर घड्याळाचा काटा आठवर यायला मिनिटभर होतं, खणात मैनाचं कार्ड तिच्या कार्डाच्या खालच्याच खोबणीत... हातच गेला. विचार म्हणून काही झाला नाही. मैना आलेच म्हणाली ना, मग ती आलेलीच आहे, असं हाताला वाटलं. खटकन एकदा, खटकन दुसऱ्यांदा.

मैना अकरा वाजता आली. कुठं होतीस गो? सगुणानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, कुंडलिकेच्या काठी बसले होते. काय झालं? काय नाय. बसावंसं वाटलं. चौदा वर्षं झाली गो सगुणे, रोज त्या पुलावरनं येते, पानी कधी बघितलंच नाय, म्हणून बसले. अर्धी रजा लावनार होते. आणि तेवढ्यात सुपरवायझर आला, हातात मैनाचं कार्ड, आठला मिनिटभर असताना पंच झालेलं.

म्हणजे मैनाचं काही चुकलंच नव्हतं. तिला अर्ध्या रजेचा हक्क होता आणि तो ती वापरणार होती, नदी बघायला का होईना. तिच्या त्या तीन तासांवर सगुणानं न विचारता शिक्का मारला, आणि तो गुन्हा झाला. गुरुवारी मैनाची चौकशी होती. सगळ्या खात्याला वाटत होतं, मैनानंच सांगून ठेवलं असणार, माझं कार्ड घाल म्हणून. आज सगुणा ‘मला माहीत नाही’ म्हणाली, तर ती स्वतः सुटेल. पण कार्ड तर कुणीतरी घातलेलंच. मग ते मैनाच्याच माथी.

हे तिला आजच कळलं का? नाही, आठ दिवस कळत होतं. पण काळुराम म्हणत होता, तिचं ती बघेल. आणि मैना स्वतः म्हणत होती, तू नाय म्हन, कुनी बघितलंय. दोन माणसं एकच सांगत असली की तेच बरोबर वाटायला लागतं. आणि खाली, त्याच्याही खाली, दुसरं एक होतं, ते ती कुणाला सांगत नव्हती...

सहा वर्षांपूर्वीचं. तेव्हा ती टेंपररी. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करावं लागतं, असा नियम आहे, ही गोष्टसुद्धा तिला मैनानंच सांगितलेली; दिवस मोज हो, कंपनी मोजून देनार नाय. भिंतीवर चुन्यानं रेघा ओढत ती मोजायची. आणि अश्विनातल्या उधाणाला बांधाला खांड पडली. खाडीचं पाणी शेतात घुसायला लागलं, अख्खं गाव, बाया, म्हातारी माणसं, चिखलाच्या पाट्या घेऊन बांधावर. तीन दिवस. भात पोटरीला आलेलं होतं, ते सोडून कंपनीत कोण जाईल? निरोप द्यायलाही कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी ती आली ती रडतच, आता गेले दिवस म्हणून, तर कार्डावर तिन्ही दिवस हजर. त्या काळी टेंपररी बायांना आज या खात्यात, उद्या त्या खात्यात पाठवत, मोजदाद कार्डावरच. ती गाडीतली ओळख झालेली बाई, मैना, नुसती म्हणाली, तू दिसली नाय, म्हनलं येत आसंल. पुढं वर्षअखेरीला टाइम ऑफिसच्या बाबूनं बेरीज वाचून दाखवली. दोनशे एक्केचाळीस. सुटलीस, तो म्हणाला.

दोनशे एक्केचाळीसमधून तीन. सहा वर्षं ही वजाबाकी माझ्या डोक्यात आहे. मी कायम आहे, पण कायम नाही. पोरींची शाळा, घरावरचे पत्रे, हिरामणच्या गुडघ्याचं औषध — सगळं त्या दुसऱ्या कुणाच्या हातानं केलेल्या तीन खटक्यांवर उभं आहे. अकरा तारखेला माझा हात आपोआप गेला असं मी म्हणते, पण आपोआप म्हणजे काय? सहा वर्षं तो हात वाट बघत असेल.

"सगुणाबाई?"

पाठ केलेलं वाक्य तयारच होतं. तिनं तोंड उघडलं... आणि समोर तो माणूस पेन कागदावर टेकवून थांबलेला होता. घाई नाही. तिच्याकडे बघत होता, ती आता जे काही म्हणेल ते लिहून घ्यायलाच जणू पेणहून आलेला. इतक्या नीट ऐकणाऱ्या माणसासमोर ते गुळगुळीत वाक्य एकदम खोटं नाणं वाजावं तसं वाटलं. आणि तिनं ऐकलं की आपण दुसरंच बोलतोय.

"मी घातलं साहेब. तिचं कार्ड. मीच."

काळुरामनं गुडघा मागं घेतला.

"मैनानं सांगितलं नव्हतं. ती म्हनली मी आलेच, मना वाटलं ती मागंच हाय. घड्याळ आठला टेकलं होतं. मंग मी तिचंबी घातलं. तिला ठावच नव्हतं. ती अकराला आली आनि रजा लावनार होती."

पर्सोनेलचे साहेब भराभर काहीतरी लिहायला लागले. वकीलसाहेबांनी मात्र लगेच लिहिलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही आरोप मान्य करताय. याचा परिणाम काय होऊ शकतो, माहीत आहे तुम्हाला?"

"व्हय. मराठीत लिवलेलं वाचलं मी."

"तुमच्यावर कुणाचा दबाव?"

"नाय."

"कुणी काही कबूल केलंय? हे सांगितलंस तर असं करू, तसं करू?"

"नाय साहेब. सगळी नाय म्हन असंच सांगत होती."

तेव्हा त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं, हसू नसेल ते. मग त्यांनी लिहिलं, सावकाश, एकेक वाक्य तिला विचारत. आलेच म्हणाली की येते म्हणाली? आलेच. आणि सगुणाला आतून इतकं हलकं वाटायला लागलं, पाटी डोक्यावरून उतरवल्यावर मान कशी आपोआप वर जाते तसं, की आता सगळंच द्यावं, एकदाचं, तळापर्यंत. आज हा माणूस ऐकतोय. असा माणूस परत कधी समोर बसणार?

"आणखी काही सांगायचं आहे?"

"साहेब, आदी पन एकदा... सहा वर्षांखाली, मी टेंपररी असताना..."

वकीलसाहेबांनी पेन उचललं. कागदापासून चांगलं वीतभर वर.

"सगुणाबाई," ते म्हणाले, "या चौकशीत फक्त अकरा तारखेचं. आरोपपत्रात जे नाही, ते मी विचारू शकत नाही, आणि लिहूही शकत नाही."

पर्सोनेलच्या साहेबांनी मान वर केली. "काय म्हणत होत्या त्या?"

"काही नाही," वकीलसाहेब म्हणाले. "आरोपाबाहेरचं होतं." आणि पान उलटलं.

मग त्यांनी सगळं वाचून दाखवलं. मना वाटलं, मागंच हाय, तिचंबी घातलं... तसंच्या तसं. खणखणीत, कोर्टात वाचावं तसं तिचं बोलणं त्यांच्या तोंडून आलं आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक पानाखाली तिनं सही केली. सगुणामधला ‘गु’ दरवेळी वेगळा आला.

बाहेर आल्यावर काळुराम तडक कँटीनकडे निघाला. कँटीनच्या कट्ट्यावर त्यानं दोन कप चहा आणला, एक तिच्यापुढं सरकवला. ती वाट बघत होती, शिव्या घालेल. त्यानं तिच्यासाठी आठ दिवस शिफ्ट संपल्यावर बसून नियमांचं पुस्तक वाचलं होतं, शिवाला कोंडीत पकडलं होतं, आणि हिनं...

"काय केलंस हे, वैनी," शेवटी तो म्हणाला. रागानं नाही, नुसता दमल्यासारखा. मग स्वतःशीच बोलल्यासारखा, "पहिलीच चूक. सहा वर्षांत एक मेमो नाय. स्वतःचा फायदा काय नाय. शिक्षा चुकीच्या मानानं पायजे, असंबी कायद्यात हाय. तसा लेखी अर्ज देऊ आपन. मी लिवतो आज."

"काळुभाऊ, तुमचं लय..."

"चा पी. निवला."

पॅकिंगमध्ये मैना आपल्या जागेवर खोक्यांना पट्टी लावत होती. सगुणा शेजारी बसली. मशिनच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

"नाय म्हनलीस ना?"

"नाय. खरं सांगितलं. मी घातलं म्हनून. तुला ठाव नव्हतं म्हनून."

मैनाचा हात पट्टीवर थांबला. "येडी हायस गो तू," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले, आणि तिनं तोंड फिरवून दोन खोकी उगाच पुन्हा सरळ केली. सगुणाला वाटलं, झालं, आता आपल्यात काही राहिलं नाही, सरळ झालं सगळं. आणि त्या भरात ती बोलून गेली, "ते तीन दिवसबी सांगनार होते. खांड पडली तवाचे. सायबांनी लिवलंच नाय."

मैना वळली. असा चेहरा सगुणानं तिचा कधी बघितला नव्हता.

"माझे तीन दिवस?"

"माझे ना गो, मी घरी..."

"तू घरी होतीस. कार्ड कुनी घातलं? मी." ती दबक्या आवाजात बोलत होती, शब्द तोडत. "ते मी केलंय. कुनी मागितलं नव्हतं, मी दिलं. तू कुनाच्या हवाली करनार होतीस ते? माझ्या गुरवारी काय सांगायचं ते मी सांगीन. माझं तू सांगू नको."

आणि ती पुन्हा पट्टी लावायला लागली.

सगुणाच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. मग हळूहळू, उधाणाचं पाणी शेतात येतं तसं, आवाज न करता, कळत गेलं... आपण खरं बोलत होतो, इतकं छान वाटत होतं खरं बोलताना, आणि त्या छान वाटण्यातच आणखी दोन वाक्यं बोललो असतो तर समोरच्या कागदावर मैनाचं नाव गेलं असतं, तीन खटक्यांसकट. एका चौकशीतून जिला सोडवलं तिला दुसरीत ढकलून आलो असतो, आणि वर हलकंही वाटलं असतं! तिला हे दिसलंच नव्हतं. तिथं दिसलं ते एकाच माणसाला, ज्याला काही माहीत नव्हतं.

की माहीत होतं? सहा वर्षांखाली, टेंपररी... एवढ्यावरून तो माणूस ओळखू शकतो. असली शेकडो बोलणी त्यानं ऐकली असतील. की त्यानं नुसता नियम पाळला, मराठी प्रतीचा पाळला होता तसाच, त्याला ना सगुणा दिसली ना मैना? तिनं दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. दया असेल तर ती त्यानं नियमाच्या आत बसवून दिली, आपल्याला ओशाळं होऊ नये अशी. आणि नुसता नियमच असेल, तर मग तो नियम कुणी केला असेल? कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी टेबलाशी बसून कुणीतरी आधीच विचार करून ठेवला असेल, की बोलायला लागलेलं माणूस कुठं थांबत नाही, त्याला थांबवायला हवं, जेवढ्यासाठी बोलावलं तेवढंच विचारायला हवं... त्या माणसाला सगुणाचं नाव माहीत असायची शक्यता नव्हती. वडलांचंही नाही. तरी त्यानं केलं.

आभार मानायचे तरी कुणाचे? वकीलसाहेबांकडे जाऊन म्हणता येणार नाही, साहेब, तुम्ही पेन उचललंत ते बरं झालं. म्हटलं तर तेच आरोपाबाहेरचं सांगणं होईल. मैनाला म्हणता येणार नाही, आज तर नाहीच. काळुरामला म्हणू गेले तर तो चहा पी म्हणाला. सगळे आभार आतच ठेवायचे होते, आणि ते ठेवायला तिच्याकडे इतकी जागा असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

निकाल यायला पंधरा दिवस लागतील, काळुराम म्हणाला होता. नोकरी जाईल की राहील. त्या विचाराशी ती गेली तर भीती वाटली, ती खरीच होती, पण तिच्याबरोबर सकाळी जे एकटेपण यायचं ते आलं नाही.

तिनं पट्टीचं टोक शोधलं, नखानं सोडवलं. शेजारी मैना अजून बोलत नव्हती. बोलेल, किंवा आज बोलणार नाही. सगुणा तिच्या हातांच्या वेगाला आपला वेग जुळवत गेली. एक खोकं, दुसरं खोकं. आणि तिला पहिल्यांदाच असं वाटलं, की ते तीन दिवस फेडायचे नव्हतेच, ते नुसते घ्यायचे होते. आणि घेणं इतकं अवघड असेल, हे सहा वर्षांत आपल्याला उमजलं नव्हतं.